खिडकीखालची मिरची

लकवा मारल्यावर सासऱ्यांना चामोर्शीजवळच्या गावाहून आमच्याकडे ब्रह्मपुरीला आणलं. उजवी बाजू लुळी, जीभ जड. पण घरात खरी चिंता पोटाची. आठवडा होत आला तरी साफ होईना. भेटायला येणारा रामराम करायच्या आधी 'झाली का?' विचारायचा. मी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून, खाली बादली ठेवून सिंहासन तयार केलं होतं. राजे बसायलाच तयार नव्हते.

डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी आणि इसबगोल द्या. बायको तांब्यात इसबगोल कालवून शाळेत शिकवायला जायची. माझं दुकान घरातच, म्हणून दिवसभर राखणीला मी. तांब्या रोज रिकामा दिसायचा, तरी पोट तसंच.

भर उन्हाळ्यात अंगणातलं सगळं करपलं आणि त्यांच्या खिडकीखालची मिरची मात्र हिरवीगार. वाकून पाहतो तर बुडाशी इसबगोलाचा बुळबुळीत थर. म्हातारा चांगल्या हाताने तांब्या खिडकीबाहेर उपडा करत होता! माझं डोकंच फिरलं.

"मामाजी, मिरचीले जुलाब देऊन राह्यले काय?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "पानी पेलो त जा लागते. पोरगी घरी नाई. तुमी जवाई. तुमच्या हातानं कसा धुवून घेऊ?"

"लग्नात भर मांडवात तुमी माझे पाय धुतले. मी नाई म्हटलं काय?"

"ते पाय होते," म्हातारा म्हणाला.

मला हसू आवरेना. तेही वाकड्या तोंडाने हसले. त्यानंतर तांब्या मी समोर बसून संपवायला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मान हलवून खुणावलं. चांगला हात माझ्या गळ्यात टाकून ते कसेबसे खुर्चीवर बसले. मी पाठ करून उभा. बऱ्याच वेळाने बादलीत आवाज झाला आणि खोटं कशाला बोलू, माझी पोरगी बारावी पास झाल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता. धुताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. मी उगाच बादलीला शिव्या घातल्या.

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक असताना आतून हाक आली, "जवाईबापू, पानी द्या."

मिरची त्या उन्हाळ्यातच वाळून गेली.