टेकडीवरचा डबा

टेलिफोन नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे अलार्मताई म्हणत. आता निवृत्तीनंतर कुकरची शिट्टी वाजली तरी तिचा हात आधी फोनकडे जातो आणि नातवंडं खो खो हसतात. हसू देत. ज्यांनी जन्मात एक अलार्म निस्तरला नाही, त्यांना काय कळणार?

काम तसं सरळ होतं. दूरदूरच्या केंद्रांतल्या यंत्रांना सेन्सर बसवलेले. आतलं तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की हिच्या पडद्यावर लाल पट्टी यायची. मग हिनं तिथल्या माणसाला फोन करून कारण शोधायचं. बाकीची केंद्रं कधीतरी कुरकुरत. टेकडीवरचं मात्र रोज भर दुपारी तापायचं. साहेबांनी पंखे बदलले, सेन्सर बदलला, शेवटी हात टेकले.

ताईनं फोनवर खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. तिथे एकटेच असणारे टेक्निशियन काका आपला जेवणाचा डबा यंत्राच्या वरच्या जाळीवर ठेवायचे. गरम हवा तिथूनच बाहेर पडे. डबा गरम व्हायचा, आणि हवेची वाट अडली म्हणून यंत्रही.

"अहो काका, यंत्र आहे ते, चूल नव्हे!"

"तुझी काकू पहाटे उठून करते गं. गार कसं खाऊ?"

तेव्हापासून लाल पट्टी आली की ही म्हणे, "काका, डबा उचला," आणि काका आज कुठली भाजी आहे ते सांगत. साहेबांना तिनं ताकास तूर लागू दिली नाही. किती गोड दिवस होते ते! काकूंना तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या हातचा भोपळा कसा होतो हे तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

मग काकू गेल्या. काका रजा संपवून कामावर आले आणि दुपारी पडदा हिरवागार राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब खूश. "सुटला एकदाचा प्रॉब्लेम!" ताईनं ओळखलं, जाळीवर डबाच नाही. माणूस तिकडे उपाशी बसलाय आणि ह्यांना आनंदाच्या उकळ्या फुटताहेत!

तिनं फोन उचलला आणि नोकरीत पहिल्यांदाच खोटा अलार्म दिला. "काका, यंत्र तापलंय तुमचं."

काका म्हणाले, "कशानं तापेल? डबाच आणला नाही. मला साधा भातसुद्धा लावता येत नाही गं पोरी."

ताईला भडभडून आलं. पण रडत बसून काय होणार होतं? "लिहून घ्या," तिनं दरडावलं. "वाटीभर तांदूळ, दुप्पट पाणी. आणि सारखं झाकण काढून बघायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. इतक्या वर्षांत काकांनी आपणहून कधी फोन केला नव्हता.

"केलाय भात. खालून लागला थोडा," ते म्हणाले. "एकट्यानं गिळवत नाही गं. फोन धरून बसतेस का जरा?"

ताईनं रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला, आपलं जेवण पुढ्यात ओढलं, आणि दोघं जेवली.