गाळलेला नववा भाग

अनुराधा खानोलकर जपानी शिकायला लागली तेव्हा लंडनजवळच्या हॅरोतल्या मराठी घरांमध्ये तिचं फार कौतुक झालं, पण भलत्याच कारणासाठी. १९८६ साल होतं, जपानी बँका लंडनमध्ये ऑफिसं थाटत होत्या, आणि डॉक्टर खानोलकरांची मुलगी आता सिटीतल्या बँकेत गलेलठ्ठ पगारावर लागणार असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. तिचे बाबा, विष्णू खानोलकर, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना झोपवलं म्हणून की काय, स्वतः फारसं बोलायचे नाहीत. पण मुलीचा विषय निघाला की तेही म्हणायचे, "जपानी शिकतेय. सोपं नाहीये ते."

अनुराधाला बँक नको होती. कोर्समधलं एक वर्ष ती जपानला राहून आली, आणि तिथल्या भाड्याच्या खोलीत, छोट्याशा टीव्हीपुढे, तिचं पुढचं आयुष्य ठरून गेलं. भुतं, चेटकिणी आणि त्यांच्या प्रेमात पडणारी बावळट पोरं यांच्या कार्टून मालिका. हसता हसता मध्येच भलतंच दुःख समोर यायचं. हे इंग्लंडमध्ये कुणीतरी दाखवलं पाहिजे, असं तिला वाटायचं.

१९९३ मध्ये ते दाखवणारा माणूस भेटला. ग्रॅहम नावाचा. हाउन्सलोच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, टायरच्या गोदामाशेजारी त्याची व्हिडिओ कंपनी होती. जपानी मालिका विकत घ्यायच्या, संवाद इंग्रजीत करायचे, इथल्या नटांचे आवाज द्यायचे आणि कॅसेटी दुकानांत पाठवायच्या. भाषांतराला अनुराधा एकटीच. दोन वर्षं तिनं यंत्रमानवांच्या मारामाऱ्या लिहिल्या. मग मियो आली.

मियो हे एका जुन्या लॉजमधलं भूत. हे भूत फक्त वाफेत दिसायचं. तिथे राहायला आलेला ताकुया नावाचा कॉलेजकुमार न्हाणीघरात पाय ठेवतो आणि समोर ही मुलगी. त्यामुळे मालिकेतली निम्मी गंमत न्हाणीघरातली: टॉवेल सुटतोय, हा घसरून तिच्या अंगावर पडतोय, बाहेरून घरमालकीण दार ठोठावतेय. पहिल्यांदा पाहताना अनुराधालाच शरमल्यासारखं झालं. हे टॉवेल कुणासाठी सुटतायत ते तिला कळत होतं. कॅसेट घेणाऱ्या पोरांसाठी. पण चार भाग झाल्यावर तिला वाटलं, करणाऱ्यांनी पोरांना त्या लालचीनं बसवून ठेवलंय आणि भलतीच गोष्ट सांगायला घेतलीय. मियो लाजते ती उघडी आहे म्हणून नाही. इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

आणि नववा भाग. त्यात टॉवेल नाही, काही नाही. ऐन थंडीत लॉजचा बॉयलर बंद पडतो. मियो ताकुयाच्या शेजारीच बसलेली असते, पण त्याला दिसत नाही. तो एकामागून एक किटल्या उकळत राहतो. एका किटलीच्या वाफेत किती दिसणार? कधी मनगट, कधी कानाची पाळी. ती बोलत राहते, आपला जीव कसा गेला ते पहिल्यांदाच सांगते, आणि त्याला त्यातला एक शब्द ऐकू येत नाही. हा भाग लिहायला अनुराधाला इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त वेळ लागला.

ग्रॅहमनं तो पाहिला आणि म्हणाला, "पोरगा अर्धा तास चहाचं पाणी उकळतोय. हे कोण विकत घेणार?"

"ग्रॅहम, यासाठीच तर बाकीचे भाग आहेत."

"उलट आहे. बाकीच्यांसाठी लोक पैसे देतात. नववा काढून टाकू. आणि दहाव्यात ती निघून का जाते, त्याला काहीतरी कारण लिही. जेलसी वगैरे. दुसऱ्या पोरीबरोबर त्याला पाहते, असं."

ती भांडली. जपानला फॅक्स पाठवला. करारात असं करायला मुभा आहे, एवढंच नम्र उत्तर आलं. नवव्यात भरपूर काटछाट करून दाखवली. शेवटी ग्रॅहमच्या केबिनच्या दारात उभी राहून चक्क रडली, आणि त्या रडण्याचा तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. ग्रॅहम दुष्ट नव्हता. त्यानं तिला टिश्यू दिला, चहा मागवला, आणि भाग काढून टाकला.

ते जेलसीचे संवाद अनुराधानंच लिहिले. नाही तर दुसऱ्या कुणीतरी आणखी वाईट लिहिले असते, अशी तिनं मनाची समजूत घातली. मियोच्या तोंडी चार चावट वाक्यंही घातली, कारण ती ग्रॅहमला हवी होती. आवाज द्यायला आलेल्या नटीनं विचारलं, "ही अचानक अशी का बोलायला लागली?" अनुराधानं तिला पुढचं पान काढून दिलं.

कॅसेट बाजारात आली. मुखपृष्ठावर मियो, टॉवेल जेमतेम. मागे बारीक अक्षरात: इंग्रजी संवाद, अनुराधा खानोलकर. बाबांच्या ओळखीच्या एका दुकानदारानं ती त्यांना मोठ्या हौसेनं दाखवली. त्यांनी ती विकत घेतली आणि घरी आणून डायनिंग टेबलवर पालथी ठेवली.

"आपलं आडनाव आहे यावर," ते म्हणाले.

"बाबा, तो स्टोरी असा नाहीये. तुम्ही फक्त कव्हर बघताय."

"ती स्टोरी," बाबांनी सवयीनं सुधारलं. "मग कशी आहे? आत वेगळं आहे का काही?"

 आत जे वेगळं होतं ते काढलेलं होतं, आणि त्या जागी जे होतं ते तिनं लिहिलेलं होतं. आई, सुमनताई, पोळ्या लाटता लाटता थांबली.  अनुराधा वर गेली आणि आपल्या खोलीत कोट न काढता बसून राहिली.

त्या उन्हाळ्यात हीथ्रोजवळच्या एका हॉटेलात कार्टूनप्रेमींचं संमेलन भरलं. ग्रॅहमनं तिला पाठवलं, मालिकेविषयी चार शब्द बोल आणि पुढच्या कॅसेटची जाहिरात कर म्हणून. दुपारची वेळ, तीनेकशे पोरं, हॉलभर घामाचा आणि चिप्सचा वास. ती स्टेजवर चढली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "टॉवेल!" सगळा हॉल हसला.

"तुम्ही पाहिलात तो नववा भाग नववा नाही," ती म्हणाली. "दहावा आहे. मधला आम्ही काढून टाकला. मियो जेलसीनं जात नाही. ते खोटं आहे, ते मी लिहिलंय. खरं काय झालं ते सांगते."

आणि ती सांगायला लागली. बॉयलर, थंडी, किटल्या. मियोचे संवाद तिला पाठ होते. जपानीत एक वाक्य म्हणायचं, मग इंग्रजीत. हशा पिकला. कुणी उठून गेले, मग आणखी काही गेले. कंपनीचा स्टॉल सांभाळणारा माणूस फोन शोधायला पळाला. संयोजकानं दोनदा घड्याळ दाखवलं, आणि पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाल्यावर माइक बंद केला. ती स्टेजच्या कडेला येऊन तशीच बोलत राहिली. आवाज फाटत होता. आपण थांबलो तर ही मुलगी दुसऱ्यांदा मरेल, असं काहीतरी वेडं तिच्या डोक्यात बसलं होतं. पुढच्या दोन रांगा तेवढ्या ऐकत होत्या. एक जाडजूड पोरगा चष्मा काढून हातात धरून बसला होता. ताकुयाला शेवटी तिचा आख्खा चेहरा दिसतो, आणि कुणीतरी पाहिलं म्हणूनच ती जाते, एवढं सांगून ती स्टेजवरून उतरली. टाळ्या चारदोन जणांनीच वाजवल्या.

बाबा तिला न्यायला आले होते. ते लॉबीत थांबलेले असतील असं तिला वाटलं, पण ते हॉलच्या दाराशी, भिंतीला टेकून उभे होते. कधीपासून, ते तिनं विचारलं नाही.

गाडी बाथ रोडला लागल्यावर ते म्हणाले, "शेवटचं मागे ऐकू येत नव्हतं. माइक का बंद केला?"

"वेळ संपली होती."

"असं मध्येच बंद करतात का?" ते चिडून म्हणाले. मग सिग्नलपाशी गाडी थांबली. "तुझी नोकरी जाणार आता."

"हो."

सोमवारी नोकरी गेलीच. कॅसेटी होत्या तशाच विकल्या जात राहिल्या, चांगल्या खपल्या. आपलं नाव तरी काढा, असं तिनं ग्रॅहमला कळवलं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं, पण पुढच्या आवृत्तीतही नाव तसंच होतं. मूळ नववा भाग तिच्याकडे नव्हता. तो ऑफिसच्या कपाटात राहिला, आणि दोन वर्षांनी कंपनी बंद पडली तेव्हा कपाटातलं सगळं कचऱ्याच्या पेटीत गेलं, असं त्या नटीकडून तिला कळलं.

अनुराधाला विमानतळावर काम मिळालं, टोकियोच्या फ्लाइटच्या काउंटरवर. पगार बरा होता. हॅरोतली मंडळी म्हणाली, चला, जपानीचा उपयोग झाला. ती हसून हो म्हणायची. भाषांतर तिनं पुन्हा केलं नाही. दोनतीनदा कंपन्यांचे फोन आले, घरच्या नंबरवर. एकदा बाबांनी घेतला आणि तिला हाक मारली. तिनं जिन्यातूनच नाही म्हणून मान हलवली, आणि ती घरी नाहीये असं त्यांनी फोनवर सांगितलं.