नवरीच्या गाडीचा ड्रायव्हर

मास्तर मारायचे. पापडी गावात त्यांच्याकडे ड्रायव्हिंग शिकलेल्या प्रत्येकाच्या डाव्या हाताला ते ठाऊक आहे, माझ्याही. आरसा न बघता वळलं की बोटांवर लाकडी पट्टी बसे. बायकांनाही सूट नव्हती. एका शिक्षिकेने भर रस्त्यात रडत गाडी थांबवली, तेव्हा मास्तर म्हणाले, "रड, पण इंडिकेटर देऊन रड."

लायसन नसलेला माणूस स्टिअरिंगवर दिसला की त्यांना पट्टी लागत नसे. शेजारच्या उमेळ्यात एका तरुणाने बापाची गाडी भाजीवाल्याच्या हातगाडीवर घातली. भाजीवाल्याच्या नडगीचं हाड बाहेर आलं होतं. मास्तरांनी त्या तरुणाला केसांना धरून खाली ओढलं आणि त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं. बाप धावत आला. "मारता कशाला? गाडीचा इन्शुरन्स आहे माझा!"

"इन्शुरन्स आहे, पण याला लायसन कुठाय?" मास्तर म्हणाले. "तुझ्या गाडीला कंपनी एक दमडी देणार नाही. भाजीवाल्याला देईल, आणि मग तेवढंच तुझ्या मानगुटीवर बसून वसूल करील." मग त्यांनी भाजीवाल्याला उचलून दवाखान्यात नेलं. परतताना त्यांच्या शर्टावर दोघांचं रक्त होतं.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तशी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल बंद केली. पुढे स्वतःच्या लायसनची मुदत संपली. नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला हवा होता आणि डॉक्टर आधी ऑपरेशन करा म्हणत होते. मास्तर सुईला घाबरत. गावभर लायसन विचारत फिरणाऱ्या माणसाला त्याचं स्वतःचं लायसन विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तेवढ्यात भाचीचं लग्न आलं. त्यांच्या आळीत नवरीची गाडी मामानेच चर्चला न्यायची पद्धत. बहीण म्हणाली, "दादा, नेल्सनला चालवू दे." नेल्सन हा नवरीचा भाऊ, लायसन असलेला, मास्तरांचाच शिष्य. मास्तर म्हणाले, "मामा मेलाय का?" आणि आपल्याच गाडीच्या स्टिअरिंगवर बसले.

नंदाखाल गावाच्या वळणावर समोरून ऊन आलं. खाडीकाठच्या गावातला एक माणूस सायकलवरून येत होता. तो मास्तरांना दिसला तो काचेवर आदळल्यावरच. काच आत आली. नवरीच्या पांढऱ्या गाऊनवर रक्त उडालं. माणूस जागीच गेला.

जमावाने मास्तरांना बाहेर खेचलं. लाथा बसल्या, विटा बसल्या. कुणीतरी मेलेल्याच्याच सायकलचा पंप काढून त्यांच्या जबड्यावर घातला. मागच्या गाडीतून उतरलेला नेल्सन त्यांच्या अंगावर आडवा पडला, तेव्हा मारणारे थकले आणि पांगले. साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं नाही. दिली असती तर मारहाणही कबूल करावी लागली असती.

म्हणून हॉस्पिटलात घरच्यांनी ठरवलं की गाडी नेल्सन चालवत होता. त्याचं लायसन चालू होतं. भरपाई विमा कंपनीने भरली असती आणि मास्तरांची केळी-नारळांची वाडी वाचली असती. पुढे ती नेल्सनलाच मिळणार होती. हवालदार आला. नेल्सन म्हणाला, "साहेब, गाडी मी चालवत होतो. मामा बाजूला बसलेले."

मास्तरांचा जबडा बांधलेला होता. त्यांनी मूठ वळली आणि छातीवर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेत पाप कबूल करताना मारतात तशी. खाली दोन बरगड्या मोडलेल्या होत्या.

"यांच्या छातीत दुखतंय काय?" हवालदाराने विचारलं.

बहिणीला बरोबर कळलं. "गप पड, दादा!" ती ओरडली. "वाडी जाईल! पोराच्या तोंडातला घास काढतोस?"

मास्तरांनी चौथ्यांदा मूठ मारली. बांधलेल्या दातांतून रक्ताबरोबर एक शब्द आला. "मी."

पुढचं सगळं त्यांनी उमेळ्यात सांगितलं होतं तसंच घडलं. गाडीचा दावा कंपनीने फेटाळला. मेलेल्याच्या बायकोला कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे भरपाई दिली आणि ती मास्तरांकडून वसूल केली. वाडी विकली गेली. शिक्षा झाली तीही त्यांनी भोगली. बहिणीने बोलणं टाकलं. नेल्सन मात्र येत राहिला.

एकदा मी मास्तरांना भेटायला गेलो असताना त्या मेलेल्या सायकलवाल्याची बायको आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "वकील बोलला, तुमच्या भाच्याचं नाव लागलं असतं तरी मला पैसे मिळालेच असते. मग तुम्ही खरं सांगून माझं काय भलं केलं?"

तिने त्यांच्या वाकड्या जबड्याकडे बघितलं.

"पन मग मी जन्मभर त्या पोराला शिव्याशाप दिले असते," ती म्हणाली. "आता तुम्हालाच देते."

"दे, बाई," मास्तर म्हणाले.