कॅलेंडरवरची बाई आणि पाठीवरचा पाटा

नवरा मरीन इंजिनिअर. नव्वदच्या दशकातल्या एका फेरीत मेक्सिकोच्या कुठल्याशा बंदरातून त्याने एक कॅलेंडर आणलं आणि सिंगापुरात यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर लावलं. चित्रात तिथल्या क्रांतीत लढलेली बाई. छातीवर काडतुसांचे पट्टे, ब्लाउज खांद्यावरून घसरलेला, ओठ लालभडक, आणि एवढ्या लढाईत केसाची एक बट हललेली नाही. "बघ, याला म्हणतात बाई," तो म्हणाला आणि चार दिवसांनी परत जहाजावर गेला. मला ते चित्र पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

पुढे अकरा वर्षांच्या माझ्या मुलीला शाळेत 'युद्धातल्या स्त्रिया' असा प्रोजेक्ट मिळाला. तिने सरळ कॅलेंडरच उतरवलं. मी म्हटलं, आधी लायब्ररीत जाऊन खऱ्या बायका बघू. एका जाड पुस्तकात त्या सापडल्या. आगगाडीच्या टपावर बसल्या होत्या, कारण डब्यांत घोडे होते. कडेवर पोर आणि पाठीवर बांधलेला दगडी पाटा. सैन्याच्या जेवणाची वेगळी सोयच नव्हती. याच बायका गावोगाव दाणे शोधायच्या, मका वाटायच्या, भाकऱ्या थापायच्या, जखमा बांधायच्या, आणि नवरा पडला तर कधी त्याची बंदूकही उचलायच्या. माझ्या सासरचा पाटा नुसता सरकवायला दोघी लागायच्या. कॅलेंडरवाल्याला पाटा दिसला नाही, खांदा बरा दिसला. लायब्ररीत बसल्या बसल्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलीने मिक्सरशिवाय काही पाहिलेलं नव्हतं. तिला पाटा समजावला, झेरॉक्स काढून दिली आणि दोन्ही चित्रं चिकटवायला सांगितली. रविवारी चार्ट हॉलमध्ये वाळत पडला होता. कॅलेंडरच्या बाईखाली तिने इंग्रजीत लिहिलं होतं 'फायटर'. पाटेवाल्यांखाली लिहिलं होतं 'नॉट वर्किंग'.

माझं डोकं फिरलं. एवढा दगड पाठीवर वाहणाऱ्या बायका, आणि नॉट वर्किंग? कोणी शिकवलं हे, बापाने? मी वाटेल ते बोलले. तिच्या बापाचा, त्याच्या कॅलेंडरचा, नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या माझ्या डिपेंडंट्स पासचाही उद्धार करून झाला.

ती शांतपणे म्हणाली, "बट ममी, दे ओन्ली कुक, लाह. यू ऑल्सो कुक." आणि तिने शाळेची डायरी माझ्यापुढे धरली. पहिल्याच पानावर पालकांची माहिती होती. वडिलांचा व्यवसाय, मरीन इंजिनिअर. आईचा व्यवसाय, नॉट वर्किंग. तिने शब्द तिथून उचलले होते.

अक्षर माझं होतं. नवरा जहाजावर, म्हणून घरातला प्रत्येक फॉर्म मीच भरायचे. दर जानेवारीला नवी डायरी यायची आणि मी तेच दोन शब्द सुवाच्य अक्षरात लिहायचे.

"मग काय लिहू?" मुलीने विचारलं, चक्क मराठीत. मी म्हटलं, लिही, यांनी सगळी लढाई जेवू घातली. तिने तसं लिहिलं. मग मी डायरी घेतली आणि ते दोन शब्द कागद फाटेपर्यंत खोडले. त्यांच्या जागी काय लिहायचं ते मला संध्याकाळपर्यंत सुचलं नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो.