गुरुजींना दिलेला मोबाइल

बायकोचा मोबाइल मी गुरुजींना दान दिला, आणि सरकारला तेवढं कळवायचं राहिलं.

सुमनचा तेरावा. गुरुजी म्हणाले, "वहिनींच्या आवडीची वस्तू द्या. छत्री, चपला, काहीही." छत्री? तिला छत्री कधी आवडली? चोवीस तास तिच्या हातात मोबाइल! दिला.

"सिम काढून घ्या," गुरुजी म्हणाले.

"दान अर्धं देत नाहीत!" मी म्हणालो. (चार माणसांत छाती फुगते. अक्कल तेव्हा घरी असते.)

पुढे नात जुई बारावी झाली. मुलाची कंपनी बुडालेली, तेव्हा फी माफ झाली तरच युनिव्हर्सिटी, नाहीतर घरी. फी-माफीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, पाचपर्यंत. साडेचारला आम्ही इकडे उत्तरेत, आमच्या तेलीबागच्या सायबर कॅफेत. का? कारण उत्पन्नाचा दाखला तहसीलवाल्यांनी सकाळी दिला! महिनाभर त्यावर बसले होते, अंडी उबवत!

दुकानवाला म्हणाला, "अंकल, आधार से जो नंबर जुड़ा है, उस पर ओटीपी गया."

"कुणाचा नंबर?"

जुई माझ्याकडे बघेना. "आजी का."

आता सांगा! शिकणार नात, पैसे देणार सरकार, आणि आकडे गेले गुरुजींच्या खिशात! मी फोन लावला. उचलेनात. सत्यनारायण चालू असणार. ओटीपीची वेळ संपली. दुसरा ओटीपी मागवला. या वेळी उचलला.

"गुरुजी, आत्ता आलेले आकडे सांगा!"

"कोण बोलतंय? इथे नुसतं 'अहो' दिसतंय."

"तोच मी! सुमनचा 'अहो'!"

"ओटीपी कुणाला सांगू नये, असं त्यातच लिहिलंय. फार फसवतात हो हल्ली. खरे असाल तर सांगा, तेराव्याला गोड काय होतं?"

"लाडू! तुम्ही सात खाल्लेत!"

"पाच."

"सात! मी वाढलेत!"

"पाच हो! दोन घरी नेले."

"म्हणजे सातच की!"

"आजोबा," जुई रडवेली, "टाइम आउट हो गया!"

पाचला सात मिनिटं. दुकानवाला म्हणाला, "बस, एक बार और भेजेगा. फिर लॉक." त्याने बटण दाबलं. घाईत मी फोन लावला तो भलत्यालाच, आणि लगेच कापला. पोरीचं वर्ष मी लाडवांत घालवलं!

तेवढ्यात माझा फोन वाजला. वर नाव: सुमन.

मी ताडकन उभा राहिलो. शर्टाची वरची बटणं लावली. फोन कानाला लावला आणि म्हणालो, "माझी काही चूक नाही!"

"अहो, आकडे लिहून घ्या," पलीकडून गुरुजी.

जुईने फोन हिसकावला. अर्ज गेला. पाचला तीन मिनिटं होती. पुढे फी माफ झाली; तिने आधारला स्वतःचा नंबरही लावला.

गुरुजी म्हणाले, "सिम परत न्या."

"नको," म्हणालो. "अधूनमधून फोन करत जा."

करतात, दर रविवारी. वर सुमनचं नाव येतं. गुरुजीच आहेत हे मला पक्कं माहीत असतं, तरी मी आधी बटणं लावतो!