बापमावशी

दौंडच्या आमच्या शाळेत पालकसभा भरली की आठ पोरांचा बाप म्हणून एकच बाई हजर व्हायची. सर कुरकुरले की म्हणायची, "बापाला आणा म्हणालात. ह्येंचे बाप घावंनात, मी घावले. काय कमी हाय माझ्यात?" मग रजिस्टरवर आठ वेळा अंगठा उमटवून निळ्या अंगठ्यानिशी ऐटीत घरी. आम्ही तिला बापमावशी म्हणायचो.

मूळची वरवंडची, धनगराची लेक. तरुणपणी ऊस तोडला, पुढं रेल्वे कॉलनीच्या कोपऱ्यावर भाजी विकली. माझा बाप ट्रक घेऊन गेला तो परतलाच नाही, आई शिरूरकडच्या कंपनीत शिफ्टला. त्यामुळे मी मावशीच्या वाट्याला आलो. "बाप म्हंजी निस्त्या मिशा न्हवं," ती सांगायची. "दिवेलागणीला 'कुठं हुतास रं?' म्हणून इचारतो, त्यो बाप." हा प्रश्न ती इतका खणखणीत विचारायची, की एकदा पलीकडून जाणारे नवे स्टेशनमास्तर दचकून "ऑफिसात होतो," म्हणाले होते.

सोळाव्या वर्षी मला त्या प्रश्नाचा कंटाळा आला. पुण्यात, हडपसरला एक 'भाई' भेटला होता, वय वर्षं एकोणीस. कोयता घेऊन रील करायचा. त्याच्या वाढदिवसाला केक कोयत्यानं कापणार आणि मग एक कोयता मला देऊन गँगमध्ये घेणार, असं ठरलं. मी दुपारची डेमू पकडली. मित्रानं चुगली केली होती. शेवटच्या डब्यात मावशी होती.

भाईनं कोयता उचलला, सगळ्यांनी मोबाईल धरले, आणि मावशीनं तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. धारेवर अंगठा फिरवला. "ह्येला धार न्हाई, मूठ ढिली. ऊस ऱ्हाऊ द्या, मेथीची जुडी तुटंना ह्येनं!" अख्खी गँग खो खो हसत सुटली. मग तिनंच केक कापला, पहिला घास भाईला भरवला आणि विचारलं, "पोरा, बाप काय करतोय तुझा?"

"असंल कुठंतरी," तो म्हणाला.

एका हातात पदरात गुंडाळलेला कोयता, दुसऱ्या हातात माझा कान, अशी तिची वरात स्टेशनकडे निघाली. भाई कोपऱ्यापर्यंत मागे आला. "मावशी, परत कवा येणार?"

"तूच ये की दौंडला."

तो आला नाही. महिन्याभरात एका मारामारीत कुणाचा तरी जीव गेला आणि भाई तुरुंगात गेला. मी शिकलो, रेल्वेत लागलो.

त्या कोयत्यानं मावशीनं पुढं वर्षानुवर्षं भोपळे फोडले. ही गोष्ट सांगताना मी अजून हसून लोळतो. तिच्या शेवटच्या आजारपणात मी ती पुन्हा रंगवून सांगितली, तेव्हा तीही पोट धरून हसली.

"चुकलंच माझं," मग म्हणाली. "कोयता तिथंच टाकायचा आन् त्येचा बी कान धरायचा. दोन हात हुते की मला."