देवळी रस्त्यावरचं हिरवं पाणी

नोकरीत लोकांच्या बोटांचे ठसे पुष्कळ घेतले, पण त्या दुपारी मी स्वतःचं बोट कॅनमध्ये बुडवून चाटायला निघालो होतो, ते काही विसरता येत नाही. "साहेब, जहर हाये ते!" म्हणत ज्याने माझा हात धरला, तोच माझा संशयित होता.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे इथल्या पोलिसाला कॅन दिसला की आधी दारूचा वास येतो. खबर होती की कापसाच्या गाठींचा एक मोठा ट्रक देवळीच्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा थांबतो आणि ड्रायव्हर कॅन घेऊन उतरतो. नाकाबंदी लावून ट्रक ठाण्यात आणला, पंच बोलावले, ताडपत्री सोडली. बाटली एकही नाही. निघाला तो फक्त कॅन, आणि त्यात इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी. पंच तोंडावर रुमाल धरून हसले.

ड्रायव्हर हिंगणीचा, पन्नाशीचा. त्याचं म्हणणं एवढंच, "चालत्या गाडीत लाल लाइट लागते, पंखा बंद पडते, इंजिन तापते. थांबलो, थंड केलं, पाणी टाकलं का पुन्हा सुरू."

तेवढ्यात मालक आला. "नाटकं हायेत साहेब. दोनदा मिस्त्रीले दाखवलं, उभ्या गाडीत पंखा बरोबर फिरते. हा रस्त्यात थांबून काहीतरी धंदे करून राह्यला. आज काही निघो का न निघो, मी ह्याले काढतो."

"एकोणीस वर्षं तुमची गाडी चालवली शेठ," ड्रायव्हर म्हणाला, "आज चोर झालो?"

आवारात इंजिन सुरू केलं. पंखा अगदी गुणी मुलासारखा फिरला. मी ड्रायव्हरला तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने तेच विचारलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी जबाब सुधारून देतो. ह्याचा जबाब तीनही वेळा तितकाच अडाणी होता. मनात म्हटलं, हा खरं बोलतोय. पण माझ्या म्हणण्याने त्याची नोकरी थोडीच वाचणार?

ठाण्याची जीप चालवणारे हवालदार पुढे आले. ते म्हणाले, "साहेब, उभ्या गाडीची चौकशी करून काय कळन? रोग चालताना हाये, तं चालवून पाहा लागन."

मग आम्ही चौघे केबिनमध्ये कोंबून बसलो आणि त्याच देवळीच्या रस्त्याला लागलो. चांगल्या रस्त्यावर काहीच झालं नाही. मालक माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. पुलाच्या अलीकडे खड्डे सुरू झाले, गाडीने दोन दणके खाल्ले, आणि पंख्याची घरघर थांबली. समोर लाल दिवा.

"लागला! शेठ, लागला लाइट!" धोक्याचा दिवा पाहून इतका आनंदलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. हवालदार बंपरखाली घुसले आणि खालूनच म्हणाले, "साहेब, आरोपी सापडला."

दृष्ट लागू नये म्हणून बंपरमागे घोड्याची नाल लोखंडी तारेने बांधली होती, आणि ती तार आवळली होती नेमकी पंख्याकडे आणि दिव्याकडे जाणाऱ्या वायरींवर. तारेने वायरींचं प्लास्टिक कापलं होतं; खड्ड्यात नाल हेलकावे खायची की उघड्या वायरी तारेला टेकायच्या, पंखा बंद पडायचा आणि दिवा लागायचा. उभ्या गाडीत नाल शांत, म्हणून पंखाही शांतपणे चालू.

"नाल कोणी बांधली?" मी विचारलं.

मालकाने खाली वाकून नाल चाचपली. "दसऱ्याच्या पूजेले... म्याच."

हवालदारांनी तार सोडली, सोललेल्या वायरींना टेप गुंडाळली. परत जाताना त्याच खड्ड्यांतून गेलो. पंखा थांबला नाही. उतरल्यावर मालक ड्रायव्हरला म्हणाला, "उद्या सकाळी गाठी भरायले जाचं हाये. लवकर येजो." माफी म्हणायची ती एवढीच.

"येतो शेठ. नाल मात्र सुतळीनं बांधतो."

त्या दिवसापासून ठाण्याच्या खुर्चीत बसून मी कुणाला खोटारडा ठरवला नाही. माणूस जिथलं सांगतो, तिथे आधी जाऊन आलो.

घरी ही सगळी हकिकत मी मोठ्या ऐटीत सांगितली. बायकोने पोळी लाटता लाटता शेवटपर्यंत ऐकली.

"छान," ती म्हणाली. "आता माह्याही तपासाचं पाहा. सैपाकघरातला पंखा मी चूल पेटवली का बंद पडते, हे मी दोन उन्हाळे सांगून राह्यली. तुम्ही जेवण झाल्यावर येऊन बटन दाबता अन् म्हणता, चालू तर आहे. उद्या पोळ्या होईपर्यंत इथंच उभे राहा."